हुतात्मे गाळलेली सकाळ

एकवीस नोव्हेंबरच्या सकाळी हेमलताबाई पिसाळांच्या कानात हुतात्मे आलेच नाहीत.

चहाचं आधण ठेवता ठेवता त्या दिनविशेष ऐकत होत्या. उजव्या कानातला मणी नेहमीच्या लाघवी आवाजात सांगत होता, "सुप्रभात, बाई. १७८३ साली आजच्याच दिवशी पॅरिसमध्ये माणूस पहिल्यांदा फुग्यात बसून मोकळ्या आकाशात गेला आणि सुखरूप खाली उतरला. १९६३ साली आजच्याच दिवशी केरळच्या किनाऱ्यावर थुंब्याहून पहिला अग्निबाण यशस्वीपणे झेपावला." बाईंना बरं वाटलं. गेले दोन महिने सकाळी त्यांना असंच बरं वाटत होतं.

जयसिंगराव मफलर गुंडाळून स्वयंपाकघरात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय सहसा तोंड उघडत नसे. आज मात्र कपाला हात लावायच्या आधीच म्हणाले, "फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला आज एक्क्याऐंशी वर्षं झाली बघ. काय पोरं होती ती! मुंबईसाठी छातीवर गोळ्या घेतल्या."

बाईंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. हुतात्मा दिन! बत्तीस वर्षं कऱ्हाडच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला होता. सकाळच्या परिपाठाला दर्शनी फळ्यावर एका बाजूला सुविचार, दुसऱ्या बाजूला दिनविशेष, हे काम शाळेत पिसाळबाईंचंच. एकवीस नोव्हेंबरला फळ्यावर हुतात्मे नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. मराठी माणसाला ज्या तारखा झोपेतून उठवून विचाराव्यात, त्यातली ही तारीख.

"तुमच्या मण्यानं सांगितलं हे?" त्यांनी विचारलं.

"मग? तुझ्यानं नाही?"

"सांगितलं की," बाई म्हणाल्या आणि चहा गाळू लागल्या. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

या बाईंचा एक स्वभाव सांगायला हवा. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. आठवीतल्या द्वाड पोरांनी तो स्वभाव बरोबर हेरला होता. गणिताची चाचणी असली की कुणीतरी गुपचूप जाऊन फळ्यावरचा दिनविशेष बिघडवून यायचं. टिळकांची पुण्यतिथी जुलैत ढकलायची, नाहीतर प्रतापगडाची लढाई एखादं शतक मागे न्यायची. मग बाई फणकारत यायच्या, चूक दुरुस्त करायच्या, तिच्यावरून पुढची तारीख, तिच्यावरून पुढची, करत सबंध महिना उलगडायच्या आणि चाचणी बुडायची. बाईंना हे कळायला पुष्कळ वर्षं लागली. कळल्यावरही त्या फसतच राहिल्या.

आणि एक गोष्ट सांगायला हवी, ती जास्त महत्त्वाची. बाईंच्या हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, झडप बदलली नाही तर पुढचा उन्हाळा निघणं अवघड. या २०३६ सालात झडप बदलणं ही फार मोठी गोष्ट राहिली नव्हती. पुण्याचे सर्जन पुण्यातच बसून कऱ्हाडच्या यंत्रातले हात हलवायचे. फक्त त्या यंत्राच्या तारखा मिळत नसत. बाईंना मिळाली होती ती तारीख तीन डिसेंबर. त्यानंतरची थेट एप्रिलात. होकार द्यायची मुदत होती नोव्हेंबरअखेर.

एरवी तारीख मिळाली म्हणून कुणीही पेढे वाटले असते. बाईंनी मात्र ती ऐकल्याबरोबर पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांची आजी तीन डिसेंबरला गेली. वडील, म्हणजे अण्णा, तीन डिसेंबरला गेले. थोरला भाऊ, दादा, तोही तीन डिसेंबरलाच गेला. एका घरातली तीन माणसं, एकच तारीख. शनी-मंगळाला न मानणाऱ्या बाई या तारखेपुढे मात्र हात टेकत. दरवर्षी त्या दिवशी त्या घराबाहेर पडत नसत, गॅससुद्धा जपून पेटवत.

"त्या दिवशी मी टेबलावर झोपणार नाही," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. मग गेल्या दोन महिन्यांत, का कोण जाणे, तो निश्चय थोडा सैल झाला होता. परवा तर त्या जयसिंगरावांना म्हणाल्याही होत्या, "बघू. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय."

विज्ञान कुठल्या कुठे गेलंय! आता गाळण्यातला चोथा झटकताना त्यांना प्रश्न पडला, हे वाक्य नक्की कुणाचं?

*

पुढचे काही दिवस बाईंनी पाळत ठेवली. मण्यांची अदलाबदल करून उपयोग नव्हता, कारण मणी आपला कान ओळखायचा. दुसऱ्या कानात गेला की मुका. तेव्हा त्या रोज सकाळी आपलं ऐकायच्या आणि मग नवऱ्याला सहज विचारल्यासारखं करायच्या, "आज काय विशेष?"

सव्वीस नोव्हेंबरला बाईंच्या कानात फक्त संविधान दिन आला. जयसिंगरावांच्या कानात संविधान आलं आणि मुंबईवरचा हल्लाही आला. अठ्ठावीसला बाईंना सांगण्यात आलं की न्यूझीलंडच्या स्त्रियांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं ते आजच्याच दिवशी. छान. पण महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन? सातारा जिल्ह्यात, एका शिक्षिकेच्या कानात, अठ्ठावीस नोव्हेंबर उजाडतो आणि जोतीराव नाहीत?

बाई देवघराजवळच्या पाटावर बसल्या आणि दोन महिन्यांतल्या आठवतील तेवढ्या सकाळी आठवू लागल्या. क्ष-किरणांचा शोध. कुठलीशी लस. समुद्रातून वाचलेले खलाशी. पहिली स्त्री डॉक्टर. सगळं खरं होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण त्या साऱ्या सकाळींमध्ये कुणी मेलं नव्हतं. बाईंच्या दिनविशेषातून मरण उचलून बाजूला ठेवलं होतं.

त्यांना मुलीचा संशय आला. ऋतुजा पुण्याला होती आणि ऑपरेशनचा धोशा तिनेच लावला होता. बाईंनी फोन केला.

"माझ्या कानातल्या मण्याला तू काही सांगितलंयस का गं?"

ऋतुजा म्हणाली, "आई, मी नाही हं. खरंच मी नाही."

त्या 'मी'वरचा जोर बाईंनी बरोबर टिपला. बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला कान होता तो. मणी असला तरी आणि नसला तरी.

*

दोघांना मणी हॉस्पिटलनंच दिले होते. तिथं समुपदेशकाच्या खोलीत एक तिशीची मुलगी बसली होती. बाईंना बघताच ती ताडकन उठली. "बाई! ओळखलंत का? मी अस्मिता लोहार. तुमच्या आठवी ब मधली."

"ओळखलं. बस खाली," बाई म्हणाल्या. "माझे हुतात्मे कुणी गाळले ते सांग."

अस्मितानं काही लपवलं नाही. मण्यात प्रत्येक तारखेच्या हजारो घटना असतात, ती म्हणाली. माणसांच्या लिहिलेल्या इतिहासाची वर्षं इतकी आणि वर्षाचे दिवस मोजकेच. तेव्हा कुठलीही तारीख उचलली तर तिच्यात विजय असतो, कत्तल असते, शोध असतो, बुडालेलं जहाज असतं. आजचा दिवस शुभ की अशुभ, दोन्ही पुराव्यानिशी सिद्ध करता येतं. मणी कानाच्या पाळीतून नाडी मोजतो. काय ऐकून जीव घाबरतो, काय ऐकून शांत होतो, हे थोड्याच दिवसांत त्याला कळतं. मग त्याला एक हेतू दिला की तो त्या हेतूला धरून घटना निवडतो.

"खोटं एकही नसतं, बाई. फक्त निवड."

"आणि माझ्या बाबतीत हेतू काय?"

"शस्त्रक्रियेसाठी मनाची तयारी. ती आम्ही नाही ठरवत. जवळच्या माणसाची विनंती लागते."

बाईंनी नाव विचारलं नाही. ऋतुजाच्या त्या 'मी'नं ते आधीच सांगितलं होतं. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या तेव्हा अस्मिता म्हणाली, "काका इथं बसून रडले होते, बाई."

"रडणाऱ्या माणसाचं ऐकून तू माझ्या कानात हात घातलास," बाई म्हणाल्या. "छान शिकवलं हो तुला मी."

*

जयसिंगराव दारातच उभे होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं.

"तुम्ही?" बाई एवढंच म्हणाल्या.

"व्हय. मीच."

"संसाराला चाळीस वर्षं होतील आता. मला काही सांगायचं तर तोंड होतं की तुम्हाला."

"तोंडानं सांगून बघितलं न्हाई का? तीन डिसेंबर म्हटलं की तू कान झाकतेस. मग कानातनंच..." त्यांनी दाराची चौकट धरली. "उन्हाळ्यापर्यंत म्हणाला डॉक्टर. उन्हाळा म्हणजे किती लांब आहे, हेमा? तू गेलीस तर मी सकाळी उठून कुणाशी बोलू?"

बाईंना त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला. आपलं मन म्हणजे काय कॅनॉल आहे, की दार थोडं वर उचललं की पाणी हव्या त्या शेताकडे वळतं? गेल्या दोन महिन्यांत जे जे वाटलं त्यातलं आपलं किती आणि घातलेलं किती, हे आता कसं निवडायचं? त्यांनी कानातला मणी काढला, चहापत्तीच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

"काढा तुमचाही."

जयसिंगरावांनी निमूटपणे काढून दिला.

"आणि ऐका. तीन डिसेंबरला मी जाणार नाही. एप्रिलपर्यंत जगले तर बघू. निदान मेले तर स्वतःच्या मतानं मरेन."

जयसिंगराव ओसरीवर जाऊन पाठमोरे बसले. मळीचा वास घेऊन कारखान्याकडचं वारं येत होतं. त्यांच्या पाठीकडे बघून बाईंना रडू आलं, पण शब्द मागे घ्यावा असं मात्र वाटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं शांत होतं की दूध तापल्याचा आवाज ऐकू येत होता. कानात कुणी सुप्रभात म्हटलं नाही. बाईंनी माळ्यावरून नातीची जुनी पाटी काढून घेतली, खडू शोधला आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून लिहायला सुरुवात केली. यंत्रानं आपल्यापासून काय काय चोरून ठेवलं ते बघायचंच होतं त्यांना. एकवीस नोव्हेंबर, हुतात्मे. सव्वीस, अठ्ठावीस. पाटी भरली की पुसायची आणि पुढे जायचं.

तीन डिसेंबर आला. हात थोडा थबकला, पण बाईंनी लिहिलं. भोपाळची वायुगळती. एकाहत्तरच्या युद्धाची सुरुवात. आणि १९६७, केप टाऊनला जगातलं पहिलं हृदयारोपण. यंत्रानं त्या दिवशी सकाळी हेच गोड करून सांगितलं असतं. तो रोगी जेमतेम अठराच दिवस जगला हे मात्र गिळलं असतं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या जराशा हसल्या. पुढे सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. सात, ध्वजदिन. दहा, मानवी हक्क. अकरा डिसेंबर, कोयनेचा भूकंप, १९६७.

खडू थांबला.

कोयनेचा भूकंप. पाटण खोऱ्यात अर्धीअधिक घरं पडली ती पहाट. बाईंचं माहेर तिथलंच; बाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. पण आई सांगायची. भिंत कोसळली, म्हातारीला बाजेसकट अंगणात आणलं, थंडीत दोन रात्री उघड्यावर काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. लहानपणी शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. आजी भूकंपानंतर गेली.

मग ती तीन डिसेंबरला कशी जाईल?

बाई खाली पाटावर बसल्या. आपण दरवर्षी अकरा डिसेंबरला हा भूकंप फळ्यावर लिहीत होतो आणि दरवर्षी तीन डिसेंबरला आजीच्या नावानं घाबरत होतो, आणि हे दोन दिवस एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलेच नाहीत! मग तीन तारीख आली कुठून?

ते उमगायला वेळ लागला नाही. आजीचं श्राद्ध तिथीनं व्हायचं, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीला. तिथी चंद्राची, तारीख सूर्याची. चंद्राचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते, मग अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारते. तीच द्वादशी एका साली डिसेंबरच्या मध्यावर, दुसऱ्या साली सुरुवातीला. अण्णा गेले त्या वर्षी ती नेमकी तीन डिसेंबरला आली. चुलते तिरडीपाशी म्हणाले होते, "आईच्या दिवशीच गेला रे." ते तिथीबद्दल बोलत होते. पुढे दादा तीन डिसेंबरला गेला तेव्हा घर तारखा मोजायला लागलं होतं. तो अण्णांच्या तारखेला गेला. आजी आणि अण्णांची तिथी एक, अण्णा आणि दादाची तारीख एक. मधल्या अण्णांना धरून घरानं तिघांना एका दोरीत ओवलं होतं. दोन-दोन पद्धतींनी दिवस मोजणाऱ्या घराला असे योगायोग दुप्पट मिळतात आणि आपण कधी कुठल्या मापानं मोजलं ते आठवत नाही.

आजी निघाली. उरले दोघं. दोघांची तारीख एक असण्यात काय मोठंसं? दर वर्गात दोन पोरांचा वाढदिवस एका दिवशी निघायचाच, आणि बाई दोघांना एकाच वेळी उभं करून टाळ्या वाजवायला लावायच्या.

त्या ओसरीवर आल्या. बोटं खडूनं पांढरी झाली होती.

"अहो, तीनला जायचं."

जयसिंगरावांनी मान वळवली. विश्वास बसेना त्यांचा.

"तुमच्यासाठी नाही," बाई म्हणाल्या. "माझा हिशेब चुकला होता, तो मी दुरुस्त केला. मी. कुणी कानात सांगितलं नाही."

जयसिंगरावांनी चष्मा काढला आणि मफलरच्या टोकानं डोळे टिपत राहिले. बाई शेजारी बसल्या. या वेळी मात्र राग कमी आला.

*

तीन डिसेंबर आला आणि गेला. बाई गेल्या नाहीत.

पाचव्या दिवशी अस्मिता वॉर्डात भेटायला आली. बाईंच्या गालांवर रंग आला होता. जयसिंगराव शेजारच्या स्टुलावर मोसंबं सोलत बसले होते. बाईंनी मोठ्या तोऱ्यात तिला सगळं ऐकवलं. मणी डब्यात टाकला, पाटी घेतली, भूकंप आठवला, तिथी सुटी केली. "तुझ्या यंत्राशिवाय," त्या शेवटी म्हणाल्या.

अस्मिता ऐकत होती. चांगलं ऐकत होती, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं.

"तुला हे माहीत होतं?"

"काकांनी पहिल्या दिवशी घरचं सगळं सांगितलं होतं, बाई. आजी भूकंपानंतर गेल्या, हेसुद्धा. ते सगळं मी मण्याला दिलं."

"मी?" जयसिंगराव गोंधळले. "बोललो असेन. सासूबाई सांगायच्या तसं. पण मला कुठं काय कळलं त्यातलं?"

त्यांना कळलं नव्हतं. पण त्यांचं बोलणं ज्या यंत्रात गेलं होतं त्याच्यापाशी प्रत्येक तारखेच्या हजारो घटना होत्या. अकरा आणि तीन शेजारी ठेवायला त्याला किती वेळ लागला असेल?

बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवसापासून यंत्राला ठाऊक होतं. मग सरळ का नाही सांगितलं मला?"

"सरळ सांगितलं असतं तर पटलं असतं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं पटलं. माझ्या घरचं मरण मला शिकवतोस काय, म्हणून मणी त्याच दिवशी डब्यात गेला असता.

आणि मग एकदम, आठवीच्या वर्गाच्या दारात पाऊल टाकल्यावर यायचा तसा, त्यांना तो जुना संशय आला. हजारो घटना पोटात असलेलं यंत्र एकवीस नोव्हेंबरला हुतात्मे विसरेल? सातारा जिल्ह्यातल्या इतिहासाच्या बाईंच्या बाबतीत? नुसतं मरण लपवायचं तर हुतात्म्यांचं नाव घेऊन गोळ्या तेवढ्या गाळता आल्या असत्या. त्यानं नेमकी तीच गोष्ट वगळली, जी वगळलेली बाईंना खपणार नव्हती. फळ्यावर एक चूक करून ठेवायची. बाई ती दुरुस्त करायला येतील. तिच्यावरून पुढची तारीख, तिच्यावरून पुढची, सबंध महिना उलगडतील. आणि कधीतरी अकरा डिसेंबरपाशी पोचतील.

"अस्मिता," बाई म्हणाल्या, "आठवीत फळ्यावर चुका कोण करून ठेवायचं?"

अस्मिता लाजली. "सगळेच, बाई."

"आणि यंत्राला ते कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. तिनं कुठल्या शब्दावर जोर दिला हे बाईंनी कान देऊन ऐकलं. कुठल्याच शब्दावर नव्हता. त्यांना काहीच कळलं नाही.

अस्मिता गेल्यावर खोलीत मोसंब्याचा वास राहिला. बाईंनी छातीवर हात ठेवला. नवी झडप निमूट काम करत होती. दोरीतली ती गाठ आपणच सोडवली होती. गाठ खोटी होती हेही खरं होतं. तरी हात धरून लिहायला शिकवावं तसं कुणीतरी आपला हात धरला होता की काय, हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं.

"अहो," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी चहाच्या आधीच तुम्ही हुतात्म्यांचं काढलंत. एरवी एक घोट घेतल्याशिवाय बोलत नाही तुम्ही. हे हिला सांगा, असं मण्यानं सांगितलं होतं का?"

जयसिंगरावांनी सोललेली फोड हातात धरून खूप आठवून बघितलं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "मला आपलं वाटलं, तुला आवडेल."

ते खरं बोलत होते. नेमकं त्या सकाळी त्यांना तसं का वाटलं, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी त्यांच्या रिकाम्या कानाकडे एकदा नीट बघितलं आणि मग तोंड उघडून ती फोड घेतली.